अदृश्यांचा ताळा

सन २०२० च्या जून महिन्यात लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. रिठद हे आमचे गाव वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात. लोणार शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात. दैत्यसूदनाचे देऊळ, धारेचे स्नान आणि खाली झाडीत दडलेले ते हिरवट, खारट, उग्र वासाचे पाणी आमच्याकडच्या माणसांच्या ओळखीचे. तेच पाणी एकाएकी गुलाल कालवल्यासारखे दिसू लागले म्हटल्यावर तर्कांना पीक आले नसते तरच नवल. विष्णूने याच जागी लवणासुराला मारल्याची कथा आहे. तेव्हा कोणाला असुराचे रक्त आठवले, तर कोणाला कुठल्याशा रसायनाची शंका आली. जाणत्यांपैकी कित्येकांनी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या ड्युनालिएला नावाच्या तांबूस शेवाळाकडे बोट दाखविले.

हा शेवटचा तर्क काही वेडगळ नव्हता. इराणातले उर्मिया सरोवर २०१६ साली असेच लाल झाले होते, आणि त्या लालीशी या शेवाळाचे नाव जोडले गेले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनाही आरंभी तेच वाटले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले होते. पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याला आघारकर संस्थेकडे धाडण्यात आले. संस्थेचे संचालक डॉ. प्रशांत ढाकेफळकर यांनी पुढे निष्कर्ष सांगितला, तो पहिल्या तर्काहून निराळा होता. रंग शेवाळाचा नव्हता. तो हॅलोआर्किया या अतिसूक्ष्म जीवांचा होता. मीठ जितके जास्त तितके हे जीव सुखात. पाऊस कमी, ऊन प्रखर, पाणी आटलेले, म्हणून खारटपणा वाढलेला. अशा वेळी त्यांची अमाप वाढ झाली आणि त्यांच्या अंगच्या गुलाबी रंगद्रव्याने सरोवर रंगले. प्रयोगशाळेत ते पाणी काही काळ निवांत ठेवल्यावर जीवांचा साका तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात राहणाऱ्यांचा होता.

बातमी म्हणून गोष्ट येथे संपते. मला मात्र त्यात दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. जाणत्या माणसांना प्रथम जे वाटले ते त्यांनी जाहीर करून टाकले नाही. तपासून पाहिले, आणि तपासात ते टिकले नाही तेव्हा सोडून दिले. वाटणे आणि ठरणे यांमधली ही जी वाट आहे तिला आपल्या जुन्या शाळांत एक सुरेख शब्द होता : ताळा. गुणाकार झाला की भागाकाराने ताळा पाहावयाचा. उत्तर बरोबर आले असे वाटणे पुरेसे नसे. दुसऱ्या वाटेने गेल्यावर तेच यावे लागे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांविषयी बोलताना माणसे हा ताळा कसा पाहावयास शिकली, कोठे चुकली आणि त्या चुकीचे मोल कोणी दिले, हा इतिहास मला आज सांगावयाचा आहे. त्यातली काही महत्त्वाची प्रकरणे आपल्या महाराष्ट्रातच घडली आहेत.

*

लोणारचेच आधी पाहू. या सरोवराने शास्त्रज्ञांना संयमाचे धडे बरेच दिले आहेत. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर १८२३ साली येथे आला. पुढची कितीतरी वर्षे हे विवर ज्वालामुखीचे असावे असे बहुतेकांचे मत होते. दख्खनचा सारा कातळच ज्वालारसाचा, तेव्हा त्यात वावगे काही नव्हते. अशनिपाताने, म्हणजे आकाशातून आलेल्या दगडाच्या आघाताने, हे विवर झाले याचा भक्कम पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला. विलक्षण दाब सोसल्याच्या खुणा येथल्या खडकातल्या खनिजांत सापडल्या. तसला दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही.

मग प्रश्न आला वयाचा. आघाताच्या वेळी वितळून झालेल्या काचेवरून एका पद्धतीने हिशोब केला, तो सुमारे ५२ हजार वर्षे निघाला. पुढे २०१० च्या सुमारास आर्गॉन वायूच्या पद्धतीने मोजले, ते वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहापटींहून अधिक अंतर! दोन्हीकडची माणसे प्रामाणिक, दोन्हीकडची उपकरणे चांगली. अशा वेळी सामान्य माणूस म्हणतो, “यांचे यांनाच ठाऊक नाही.” परंतु खरी गोष्ट उलट आहे. पहिल्यांनी काय घेतले, कसे मोजले हे उघड लिहून ठेवले होते, म्हणून तर दुसऱ्यांना निराळ्या वाटेने जाऊन ताळा पाहता आला. ताळा जुळला नाही हे कळणे हीही ज्ञानात पडलेली भरच आहे.

दगड निदान हातात धरता येतो. सूक्ष्मजीवांचे तसे नाही. लोणारच्या काठावर उभे राहून एक पेलाभर पाणी घ्या. धारेचे गोडे पाणी जेथे सरोवराला मिळते तेथे घेतले तर त्यात एक वस्ती सापडेल, मध्यभागी घेतले तर दुसरी, तळच्या चिखलात तिसरी. पावसाळ्यात घेतले तर एक, वैशाखात घेतले तर दुसरी. पेला दोन दिवस उन्हात मोटारीत राहिला तर काही जीव मरतील आणि काही बेसुमार वाढतील. पुण्यास पोहोचेल ते लोणार नव्हेच, ते मोटारीतले लोणार. बाजारात तुरीच्या पोत्याला नुसते तोंडाशी पाहून भाव करणारा अडत्या जसा फसतो, तसाच एका पेल्यावरून सरोवराची कुंडली मांडणारा शास्त्रज्ञही फसतो.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासूनच्या काही वर्षांत लोणारच्या जीववस्तीवर जे काम प्रसिद्ध केले, त्यात ही अडचण ओळखून योजलेले दोन निरनिराळे मार्ग दिसतात. एक मार्ग जुना : जीव प्रयोगशाळेत वाढवून पाहावयाचे. दुसरा नवा : जीव न वाढविता पाण्यातला किंवा चिखलातला डी.एन.ए. काढून त्यावरून रहिवाशांची नावे वाचावयाची. पहिल्या मार्गात जे प्रयोगशाळेतला आहार पत्करतात तेवढेच दिसतात. दुसऱ्यात मेलेले आणि जिवंत एकत्र मोजले जातात. म्हणून एकाचा ताळा दुसऱ्याने पाहावयाचा. २०१० साली इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाबरोबर केलेल्या कामात तर आणखी एक युक्ती होती. चिखलाला भारी जातीचा कार्बन असलेले खाद्य दिले आणि तो कोणाच्या अंगी लागला ते पाहिले. गावात कोण राहतो एवढेच न विचारता, स्वयंपाकघरात कोण जेवला हे विचारण्यासारखे ते झाले.

लोणारमध्ये सापडलेल्या नव्या जिवाणूंपैकी एकाचे नाव ‘सेसेंबिया लोणारेन्सिस’ असे आहे. हैदराबादच्या ‘सी.सी.एम.बी.’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून पहिले नाव आणि आमच्या लोणारवरून दुसरे. नाव ठेवणे सोपे. पण २००१ पासून असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे की नव्या जिवाणूचे नाव ग्राह्य धरावयाचे तर त्याचे जिवंत वाण दोन निरनिराळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवले पाहिजे. उद्या कोणी म्हणाला, “तुम्ही सांगता तसा हा जीव नाही,” तर त्याने मागणी करावी, वाण घ्यावे आणि स्वतः पाहावे. अशा संग्रहांपैकी एक पुण्यात २००९ साली निघाला आणि आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह म्हणून ओळखला जातो. त्यात एक लाखाहून अधिक वाणे आहेत. घरोघरी लोणच्याच्या बरण्या असतात तशी ही साऱ्या देशाची फडताळे. फरक इतकाच की येथली प्रत्येक बरणी पुराव्यासाठी राखलेली आहे.

*

आता शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढे काय झाले ते महाराष्ट्राला सांगावयास नको. पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्या भीषण दिवसांत पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेला, ओडेसाचा वाल्डेमार हाफकिन मुंबईस आला, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्याने प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली.

स्वतःला टोचून घेणे हे धैर्य झाले, पुरावा नव्हे. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी ज्यांनी मान्य केले त्यांना लस टोचली, उरलेल्यांना नाही. दोन्हींचे अन्न तेच, भिंती त्याच, हवा तीच. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांत २ जणांना झाला आणि एकही गेला नाही. तुरुंगाच्या त्या काळोख्या कोठड्यांत तुलनेचे हे तत्त्व आपल्याकडे इतक्या स्वच्छपणे मांडले गेले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

तरीही चिकित्सक माणूस विचारील : लस मागणारे कैदी मुळातच धडधाकट किंवा काळजी घेणारे नसतील कशावरून? हा प्रश्न रास्त आहे, आणि हाफकिनच्या पुढच्या कामात त्याचे उत्तर दिसते. १८९८ साली बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावी घराघरांतून निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना नाही. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे. म्हणजे गरिबी-श्रीमंतीचा, घाणीचा, उंदरांचा फरक उरला नाही. उरलेला फरक लसीचा. न टोचलेल्या निम्म्यांचा विचार मनात आला की आजही जीव कासावीस होतो, आणि आजच्या काळी असा प्रयोग करावयाचा तर त्याला नीतीची कडक बंधने आहेत. ती असलीच पाहिजेत. पण लस उपयोगी आहे की नाही हे त्या वेळी कोणालाच खात्रीने ठाऊक नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

आणि मग आले मुल्कोवाल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावी १०७ माणसांना मुंबईहून आलेली प्लेगची लस टोचली, आणि पुढे काही दिवसांत त्यांतली १९ माणसे धनुर्वाताने मेली. साऱ्या देशात हाहाकार झाला. परळच्या प्रयोगशाळेने लस करण्याची रीत नुकतीच बदलली होती. कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेने जंतू मारण्यावर भिस्त ठेवली होती. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले.

सत्य बाहेर आले ते नोंदवहीतून. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या, आणि कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतली लस टोचली हे लिहून ठेवले होते. मेलेले सारे एकाच बाटलीचे, ५३ एन क्रमांकाची ती बाटली. बाकीच्या बाटल्यांतली लस टोचलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला, हेही नोंदले गेले. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात. लस मुंबईत नासली की पंजाबात बाटली उघडताना, हा वाद पाच वर्षे चालला. सर रोनाल्ड रॉस आणि अन्य नऊ शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र १९०७ च्या जुलैत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या वर्षाअखेर हाफकिन निर्दोष ठरला. परळच्या संस्थेला १९२५ साली त्याचे नाव दिले गेले.

मुल्कोवालचे १९ जीव मी येथे आठवतो ते कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. बाटलीचा क्रमांक, माणसाचे नाव, चिमट्याचे पडणे या तीन क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदी नसत्या, तर त्या मृत्यूंचे कारण कायमचे अंधारात राहिले असते, आणि लोकांनी लसच टाकून दिली असती. अदृश्य शत्रूच्या शोधात शोधणाऱ्याच्या हातावरही नजर ठेवावी लागते, हा धडा आपल्या देशाने इतक्या किमतीला घेतला आहे.

*

हा धडा जुना म्हणून शिळा झालेला नाही. आज ज्या विद्येचा सर्वत्र बोलबाला आहे ती आपल्या पोटातल्या जीववस्तीची विद्या. सणासुदीच्या अंकात पोटाच्या आतले विषय काढल्याबद्दल सुगरणींनी क्षमा करावी. पण चकली-अनारसे शेवटी तेथेच जावयाचे आहेत. या वस्तीचा आपल्या पचनाशी, रोगप्रतिकाराशी, लठ्ठपणाशी, इतकेच काय मनःस्थितीशीही संबंध जोडण्यात येतो. यांतले काही खरे ठरले आहे, बरेचसे ठरावयाचे आहे, आणि काही चक्क खोटे ठरले आहे. बाजार मात्र ठरण्याची वाट पाहत नाही. पोटातले जंतू तपासून आहार सांगतो म्हणणारे आणि भुकट्या विकणारे आज घरोघरी मोबाइलवर येऊन पोहोचले आहेत. म्हणून या शास्त्रातला ताळा कसा पाहतात हे गृहस्थाश्रमी माणसालाही ठाऊक असलेले बरे.

एक साधे उदाहरण घ्या. माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जंतू असतात, हे वाक्य आपण सर्वांनी कोठे ना कोठे वाचले आहे. त्याचा उगम १९७२ सालच्या एका अंदाजात आहे. चाळीसएक वर्षे ते एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेले. २०१६ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी हिशोब नव्याने मांडला, तेव्हा ३० लक्ष कोटी पेशींना सुमारे ३८ लक्ष कोटी जंतू असे प्रमाण निघाले. म्हणजे जवळजवळ बरोबरी. इतकी वर्षे कोणी खोटे बोलत नव्हते. ताळा पाहावयाचे राहून गेले होते, इतकेच.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. थायलंड आणि ब्रह्मदेश यांच्या सीमेवरच्या एका निर्वासित छावणीतल्या लहान मुलांच्या नाका-घशातले जीव तपासले, तेव्हा मुलाचे वय वाढते तशी ही वस्ती बदलते असे सुंदर चित्र दिसले. मग लक्षात आले की नमुने वयाच्या क्रमाने तपासले गेले होते आणि मधल्या काळात डी.एन.ए. काढण्याच्या रसायनांच्या पेट्या बदलल्या होत्या. त्या रसायनांतच थोडे जंतू होते, प्रत्येक पेटीत निराळे. नव्या पेट्यांतली रसायने घेऊन तपासणी पुन्हा केली, तेव्हा ते सुंदर चित्र पुसले गेले. जे मुलांच्या घशातले म्हणून मोजले ते बाटलीतले होते! हे काम २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याच लेखकांनी एकाच जातीच्या शुद्ध जिवाणूचे द्रावण पाण्याने पातळ करीत नेले आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांत तपासून घेतले. द्रावण जितके पातळ तितके त्यात नसलेले पाहुणे जास्त दिसू लागले. मुल्कोवालच्या चिमट्याचेच हे आधुनिक रूप.

त्याच वर्षी गर्भाच्या वारेत जीववस्ती असते असा शोध अमेरिकेतून गाजला. पुढे केंब्रिजच्या संशोधकांनी पाचशेहून अधिक स्त्रियांच्या वारेची तपासणी दोन पद्धतींनी केली, जोडीला नुसत्या रसायनांचीही केली, आणि २०१९ साली सांगितले की स्वतःची अशी वस्ती तेथे नाही. सापडलेले बहुतेक जीव बाहेरून आलेले. कर्करोगाच्या गाठींत त्या त्या जातीचे खास जंतू सापडतात असे सांगणारा २०२० सालचा एक गाजलेला निबंध तर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला; त्यात माणसाचाच डी.एन.ए. कित्येक ठिकाणी जंतूंचा म्हणून वाचला गेला होता.

हे वाचून कोणी म्हणेल, मग या शास्त्रावर विश्वास ठेवावा तरी कशाला? मी म्हणतो, याच कारणाने ठेवावा. पण डोळे उघडे ठेवून. वरच्या प्रत्येक प्रकरणात चूक पकडली ती शास्त्रानेच, आणि पकडली ती ताळा पाहून.

*

घरच्या गृहिणीला मात्र या गोष्टीचे इतके नवल वाटू नये. विरजणाची विद्या तिच्याच हातची आहे. तेच दूध, शेजारणीकडून आणलेले तेच विरजण; एकीचे दही कवडीसारखे लागते आणि दुसरीचे तारा धरते. दूध किती तापविले, कोमट म्हणजे किती कोमट, पातेले पितळेचे की मातीचे, ते चुलीजवळ ठेवले की माळ्यावर, पौषात लावले की चैत्रात, यांतल्या प्रत्येकाने फरक पडतो. “चमचाभर विरजण घाला” एवढेच सांगून भागत नाही. चमचा कोणता हेही सांगावे लागते. आजचे शास्त्रज्ञ जे करू पाहत आहेत ते थोडक्यात हेच.

२०१७ साली एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. तीत मलाचे तेच नमुने डी.एन.ए. काढण्याच्या एकवीस रीतींनी तपासले होते. नमुना तोच, पण रीत बदलली की वस्तीची यादी बदलली. काही जिवाणूंचे कवच जाड असते. ते नीट फोडले नाही तर आतला डी.एन.ए. बाहेर येत नाही आणि तो जीव हजर असून गैरहजर लागतो. म्हणून रीत एकसारखी हवी, नाहीतर निदान ती बारकाईने लिहिलेली हवी. निबंधात काय काय लिहिले पाहिजे याची मोठी यादी २०२१ साली निरनिराळ्या देशांतल्या संशोधकांनी मिळून तयार केली.

याखेरीज तीन गोष्टी आता चांगल्या प्रयोगशाळेत गृहीत धरतात. पहिली, कोरा नमुना. ज्यात काहीच घातलेले नाही अशी नळी साऱ्या सोपस्कारांतून न्यावयाची; तिच्यात जे सापडेल ते रसायनांचे आणि हातांचे. दुसरी, माहीत असलेले मिश्रण. ठराविक जिवाणू ठराविक प्रमाणात मिसळून तपासावयास द्यावयाचे; उत्तर आधीच ठाऊक असते, तेव्हा परीक्षा होते ती परीक्षकाचीच. तिसरी, प्रमाण नमुना. सोनाराकडे वजने असतात तशी. अमेरिकेच्या वजनेमापे सांभाळणाऱ्या संस्थेने २०२५ साली मानवी मलाचा असा प्रमाण नमुना काढला. शाकाहारी माणसांचा एक आणि मिश्राहारी माणसांचा दुसरा. जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेने तो घ्यावा, तपासावा आणि आपला काटा बरोबर आहे की नाही ते पाहावे. हसू येण्यासारखी गोष्ट खरी. पण मुंबईचा शेर आणि नागपूरचा शेर निराळा असताना व्यापाराची जी गत होई, ती या शास्त्राची होऊ नये म्हणून हा खटाटोप आहे.

आमच्या रिठदच्या शिवारातही हा प्रश्न दुरून येत नाही, पेरणीच्या दिवशी दाराशी येतो. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरतात. त्या गाठींत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. सोयाबीन हे आपल्या काळ्या मातीचे जुने पीक नव्हे. जेथे ते पूर्वी झालेले नाही तेथे त्याला मानवणारे जिवाणू मातीत पुरेसे नसतात, म्हणून बियाण्याला जिवाणू खताची पुडी चोळावयाची असते. सरकारने २००६ साली ही खते खत नियंत्रण आदेशाखाली आणली आणि भुकटीच्या पुडीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत असे ठरविले. पुडी दिसावयास काळी भुकटी. जिवाणू जिवंत की उन्हात टपरीत पडून मेलेले, हे शेतकऱ्याला डोळ्यांनी कळणे नाही. त्याने पैसे मोजावयाचे ते केवळ त्या आकड्याच्या भरवशावर. तो आकडा खरोखर मोजलेला असणे, आणि दुसऱ्या कोणी मोजला तर तोच येणे, यावर त्याचा हंगाम अवलंबून. पुडी मेलेली निघाली तर दोष पावसाला जातो, मातीला जातो, नशिबाला जातो, पुडीला क्वचितच.

म्हणून विश्वासार्ह संशोधन हा केवळ विद्वानांचा आपापसांतला सोवळेपणा आहे असे कोणी समजू नये. भायखळ्याच्या कैद्याचा, मुल्कोवालच्या खेडुताचा आणि सोयाबीन पेरणाऱ्या कास्तकाराचा जीव त्यात गुंतलेला आहे. या साऱ्यांना न दिसणाऱ्या वस्तूविषयी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागले. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याला विसंबावे लागते त्याने आपले काम उघडे ठेवावे, नोंद सोडू नये आणि दुसऱ्याने ताळा पाहिला तर राग मानू नये. आपणही, पोटाची वस्ती सुधारून देतो म्हणणारा कोणी दाराशी आला तर त्याला तीनच प्रश्न विचारावे : हे कोणाशी तुलना करून ठरविले? दुसऱ्या कोणी करून पाहिले का? आणि त्यालाही तेच आढळले का? उत्तरे समाधानकारक मिळाली तर भुकटी घ्यावी. न मिळाली तर घरचे ताक आहेच. ते निदान कोणी लावले हे तरी आपल्याला ठाऊक असते.